आई पुराव्यात बसत नाही

"मीठ मागच्या दारी घेऊन ये."

दार उघडून बाई एवढंच बोलल्या. माझ्या तोंडाकडे त्यांनी नीट बघितलंही नाही. बघितलं ते हातातल्या गाठोड्याकडे. जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं, पांढरं, जड. आमच्या गावची माणसं ठाण्यातल्या मोठ्या घरांना वर्षाचं मीठ घरपोच द्यायची. आणि द्यायची ती मागच्या दारानं. पुढच्या दारातून मीठ आत येत नाही, अशी त्या घरांची रीत. पण तेव्हा भाद्रपद चालू होता. मीठ पिकतं उन्हाळ्यात. आणि गाठोडं चौकोनी होतं. मीठ चौकोनी नसतं. एवढंही त्यांनी बघितलं नाही. माझा काळा रंग बघितला, तो पुरला.

फडक्यात माझा प्रबंध होता. पीएच. डी.चा. विद्यापीठानं परत पाठवलेला.

"सरांना भेटायचंय," मी म्हटलं.

मधल्या खोलीत झोपाळ्यावर सर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते हसले.

"अगं, मीठवाला नाही तो. आपला विद्यार्थी आहे." मग मला म्हणाले, "अरे, पण मागूनच ये. पुढे पाहुणे बसलेत."

पुढच्या खोलीत कोणी नव्हतं. मला दारातून सगळी खोली दिसत होती. दोन खुर्च्या, एक आरामखुर्ची, भिंतीवर सरांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो. पाहुणे म्हणजे तो फोटोच असेल तर गोष्ट वेगळी.

मी गेलो वळसा घालून. केळीच्या खुंटांजवळून, धुण्याच्या दगडाजवळून. मागच्या पायरीशी चपला काढल्या. एम. ए. झालेला माणूस. कल्याणच्या हायस्कुलात इतिहास शिकवणारा. गेलो मुकाट्यानं. आजही आठवलं की अंगाची आग होते.

सर माझे गाइड होते. मी आगरी. खाडीपलीकडच्या, कळव्याच्या बाजूच्या मिठागरांतला. आमच्या गावात माझ्याआधी मॅट्रिकसुद्धा कोणी नव्हतं. मी विषय घेतला होता खारजमिनीचा. खाडीला बांध घालून आत जी जमीन मिळवली, ती कोणी मिळवली, कशी मिळवली, तिच्यावर कोण राबलं. मुंबईत दोन प्राध्यापकांनी विषय ऐकून हात झटकले. सरांनी मात्र हो म्हटलं. आनंदानं म्हटलं. त्याचं कारण मला तेव्हाच कळायला हवं होतं. आमच्या गावची खार त्यांच्याच घराण्याची. ते मला म्हणाले होते, "लिही, लिही. आमच्या नानांनी ती खार कशी उभी केली, ते कुणीतरी लिहायलाच हवं होतं." नाना म्हणजे त्यांचे वडील. तो हारातला फोटो.

मी कृतज्ञ झालो होतो. वाटलं होतं, स्वातंत्र्य आलं ते हेच. मालकाच्या मुलानं कुळाच्या मुलाला शिकवायचं. दोघांनी मिळून एक पुस्तक करायचं. काय काय वाटतं माणसाला!

प्रबंध पुरा झाला तेव्हा सरांनी पहिलं प्रकरण वाचलं. पोर्तुगीज काळाबद्दल होतं ते. बाकीचा गठ्ठा हातावर तोलून बघितला. "चांगलं काम झालंय," म्हणाले आणि सही केली. चौथं प्रकरण त्यांनी उघडलंही नव्हतं.

चौथं प्रकरण गावातल्या म्हाताऱ्यांचं होतं. बांधाची कामं ज्यांनी केली त्यांनी सांगितलेलं. बांधाला खांड पडली, म्हणजे उधाणाच्या पाण्यानं बांध फुटला, की गावात हाक फिरायची. प्रत्येक घरातलं एक माणूस निघायचं. पुरुष नसेल तर बाई. मजुरी नाही, भाकरी आपली आपण. खांड बुजवायची रीत अशी, की वरून चिखल टाकून भागत नाही. आधी फुटलेल्या जागेतला सडका चिखल हातानं उपसायचा, खालची घट्ट माती लागेपर्यंत. मग नवी ढेकळं रचायची. उपसायचं काम बायकांचं. पाण्यात कमरेएवढं उभं राहून. मालकाच्या कागदांत याला एकच ओळ असायची. मालकांनी स्वखर्चानं दुरुस्ती केली.

माझा प्रबंध इंग्रजीत. टाइप केला डोंबिवलीच्या एका टायपिस्टनं. दिवसा मुंबईच्या कचेरीत, संध्याकाळी घरी टाइपरायटर. म्हाताऱ्यांचं बोलणं मी त्यांच्याच बोलीत ठेवलं होतं, खाली इंग्रजी अर्थ. टायपिस्ट वैतागला. "अहो मास्तर, हे मराठी मी कशावर बडवू?" मग त्यानं तेवढ्या जागा कोऱ्या सोडल्या आणि मी प्रत्येक प्रतीत शाईनं अक्षरं भरली. त्या म्हाताऱ्यांत आईही होती; तिचं बोलणं मी सगळ्यांत सावकाश भरलं. ती इंग्रजी पुस्तकात चालली होती ना!

तर तो प्रबंध परत आला. सोबत विद्यापीठाचा कागद. एका वाक्याचा. प्रबंध सुधारून एकदा पुन्हा सादर करण्याची मुभा देण्यात येत आहे. मुदत अमुक. बस्स. प्रबंध तपासणारे रेफरी काय म्हणाले, काय सुधारायचं, त्याबद्दल अवाक्षर नाही.

त्या दिवशी मागच्या ओसरीवर बसून मी सरांना हेच विचारलं. "सर, दुरुस्त्या कोणत्या?"

"ते रेफरींच्या रिपोर्टात असतं."

"तुम्ही एक रेफरी आहात ना सर?"

"आहे. म्हणूनच सांगता येत नाही. रिपोर्ट गोपनीय असतो."

बाईंनी चहा दिला. पितळी पेल्यात. झोपाळ्यावर कपबशी गेली.

मी शाळेत रजा टाकून विद्यापीठाच्या कचेरीत गेलो. तिथला कारकून सज्जन होता. तेच जास्त वाईट. सज्जन माणसावर ओरडताही येत नाही.

"रिपोर्ट उमेदवाराला दाखवत नाहीत," तो म्हणाला.

"मग मी दुरुस्त काय करू?"

"ते गाइडना विचारा."

"गाइड म्हणतात, गोपनीय आहे."

"बरोबरच आहे. गोपनीयच असतं."

"समजा, मी भलतंच काही दुरुस्त केलं?"

"मग दुसऱ्यांदा नापास. ते मात्र शेवटचं. त्यानंतर काही नाही."

"आणि नापास का, ते?"

"ते कळवायचा नियम नाही."

त्यानं मला पाणी दिलं. मी प्यायलो. आता काय करणार होतो!

नापासाला निदान चेहरा असतो. मॅट्रिकला गणितात गेलास, तर गणितात गेलास. घरी जा, गणित कर. इथं नुसतंच चुकलास. कुठं चुकलास ते तूच ओळख. आणि ओळखता आलं नाही, तर ती तुझीच नालायकी. हा नियम कोणी केला मला माहीत नाही. पण ज्यानं केला, त्याच्या घरात झोपाळ्यावर बसून रेफरींशी बोलणारी माणसं असणार. त्यांना रिपोर्ट बघायची गरजच नाही. चहा पिता पिता कळतं. माझ्यासारख्याला कोण सांगणार? माझ्या घरी रेफरी कधी आला नाही. आलाच असेल तर वसुलीला.

मग मी चाचपडत दुरुस्त्या केल्या. उरलेला पावसाळा, सगळी दिवाळी, सगळा हिवाळा. टायपिंगच्या चुका काढल्या. तळटीपा वाढवल्या. ग्रंथसूची वाढवली, जी पुस्तकं मला निरुपयोगी वाटली होती तीही घातली. इंग्रजी तासलं. वर्गात मुलांना पेपर सोडवायला बसवून मी टेबलावर कॉमे बघत बसायचो. कल्याणच्या खोलीत मी आणि तो गठ्ठा. बायको म्हणायची, "अहो, आता जेवा तरी." जेवायचो आणि परत बसायचो. एका नव्या कॉलेजात जागा निघणार होती. पीएच. डी. हवी होती. आमच्या गावचा माणूस कॉलेजात प्राध्यापक! गावात लोक आत्तापासूनच मला डॉक्टर म्हणायला लागले होते. काहीजण गुडघा दाखवायला यायचे.

सुधारलेला प्रबंध घेऊन मी सरांकडे गेलो. सही हवी होती. गाइडच्या सहीशिवाय विद्यापीठ प्रबंध दाखल करून घेत नाही. या खेपेला सांगायच्या आधीच मी मागच्या दारानं गेलो. माणसाला सवय फार लवकर लागते.

सरांनी गठ्ठा मांडीवर घेतला. पहिली तीन प्रकरणं बाजूला ठेवली. सरळ चौथं उघडलं.

"हे अजून इथंच आहे?"

"म्हणजे काय सर?"

"हे काढ म्हणून तर प्रबंध परत पाठवला. इतके महिने तू केलंस काय?"

सही करताना न उघडलेलं प्रकरण त्यांनी रेफरी म्हणून उघडलं होतं. इतके महिने! कॉमे, तळटीपा, ग्रंथसूची. आणि हा माणूस चार वाक्यांत सांगू शकत होता. त्यानं सांगितलं नाही. मी ओळखायचं होतं. कुळानं मालकाची मर्जी ओळखायची, तशी.

"का काढायचं सर?"

"ऐकीव गोष्टींना इतिहास म्हणत नाहीत. कागद दाखव."

"आमच्यात लिहिता येणारं कोणी नव्हतं. कागद सगळे मालकांचेच."

"मग इतिहासही त्यांचाच. त्याला मी काय करू?" पानं उलटत ते एका जागी थांबले. "आणि ही बाई कोण? 'मिठागरात मजुरी, वय अंदाजे साठ.' हिच्या भरवशावर तू तीन पानं लिहिलीस."

"माझी आई."

सर हसले. वाईट हसले नाहीत. मुलानं काही खुळ्यासारखं केलं की हसतात तसे हसले. त्यानं जास्त लागलं.

"अरे, तुझी आई म्हणजे पुरावा नव्हे. उद्या जो तो आपली आई घेऊन येईल विद्यापीठात!"

मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, बाहेर कूळकायद्याचं काय चाललंय, तुला ठाऊक आहे. तुमच्या गावानं अर्ज केलाय. उद्या तुमचे लोक हा प्रबंध काखेत मारून मामलेदारासमोर उभे राहतील. वर विद्यापीठाचा शिक्का. मी स्वतःच्या सहीनं ते करू? चौथं काढ, मी आत्ता सही करतो. महिन्याभरात तू डॉक्टर. कॉलेजच्या जागेसाठी मी शब्द टाकतो."

कळलं. आता सगळं कळलं. इतिहासाचा प्रश्नच नव्हता. प्रश्न खारीचा होता.

मी काही बोलणार, तेवढ्यात सरांची नजर खाली गेली आणि ते एकदम भडकले. आईच्या बोलण्यातलं एक वाक्य होतं. मालक बांधावर छत्री घेऊन उभा होता आणि 'बिगी बिगी चला' म्हणत होता.

"आणि हे काय? छत्री घेऊन उभे होते म्हणे! टिंगल करतोस नानांची? अरे, पन्नाशीचा माणूस, भर पावसात, वाऱ्यात, दिवसदिवस छत्री घेऊन बांधावर उभा असायचा. घरी आल्यावर त्यांचे पाय शेकावे लागायचे. मी शेकलेत. तुम्हाला काय कळणार त्यांचे कष्ट!"

मी म्हटलं, "म्हणजे छत्री होती."

"होती तर! डोळ्यांनी बघितलीय मी. शाळेत असताना नानांबरोबर बांधावर गेलोय."

"तेव्हा चिखल कोण उपसत होतं सर?"

"कोण म्हणजे? तुमचीच माणसं. दुसरं कोण?"

"मजुरी?"

"मजुरी कसली? ती वहिवाटच होती. गाव यायचं."

बोलून गेले आणि थांबले. झोपाळाही थांबला.

माझ्या आतलं काहीतरी त्या क्षणी सुटलं. इतकी वर्षं मान खाली घालून घालून जे आखडलं होतं, ते. भीती वाटली नाही असं नाही. पण बोललो.

"सर, आता पुरावे दोन झाले. एक माझी आई. दुसरे तुम्ही."

त्यांचा चेहरा फोटोतल्या नानांसारखा झाला. मी मांडीवरून गठ्ठा उचलला. मधल्या खोलीतून, पुढच्या खोलीतून, पुढच्या दारानं बाहेर पडलो. बाई दारात होत्या. त्या बाजूला झाल्या. चपला मागच्या पायरीशी राहिल्या होत्या. आणायला गेलो नाही. तलावाच्या काठाकाठानं स्टेशनपर्यंत अनवाणी गेलो.

रविवारी गावी गेलो. आई अंगणात सुकी मासळी निवडत होती. तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, हातातलं काम न थांबवता.

"तुजी परीक्षा जात असल तं माजा नाव कारून टाक," ती म्हणाली. "मना काय करायचा हाय त्या पुस्तकाचा?"

"आये, तू बोललीस त्या खोटा हाय का?"

"खोटा? तू दीड महिन्याचा व्हतास. तुना पाटीन निजवला नि बांधाव ठेवला. एके पाटीन तू, दुसरे पाटीन चिखल." मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. "माजा नाव कार. पन बांध त्याचे बापान बांधला, असा नको लिवू."

स्वतःला पुसून टाकायला ती तयार होती. जन्मभर तेच तर केलं होतं तिनं. पण खोटं लिहायला तयार नव्हती. आणि मी एम. ए. होऊन दोन दिवस विचार करत होतो, की पदवी घ्यावी आणि पुढंमागं कधीतरी हे प्रकरण वेगळं छापावं. हो, तोही विचार आला होता. घरात कॉलेजच्या पगाराच्या गप्पा होत होत्या. पोरांची शाळा होती. तो विचार मी तिथंच, त्या मासळीच्या वासात, टाकून दिला.

दुरुस्ती करा म्हणाले होते ना? केली. एकच केली. आईच्या छत्रीच्या वाक्याखाली तळटीप घातली. प्रस्तुत प्रबंधाच्या मार्गदर्शकांनीही ही गोष्ट, तसंच गावाकडून बिनमजुरीनं काम घेतलं जात असल्याची गोष्ट, स्वतः पाहिल्याचं तोंडी सांगितलं आहे. टायपिस्टनं ती टाइप केली, कागद काढला, परत वाचला. "मास्तर, हे राहू द्यायचं?" म्हणाला. मी म्हटलं, "हेच तर राहायला हवंय."

तो प्रबंध घेऊन मी सरांच्या पुढच्या दाराशी उभा राहिलो. सर बाहेर आले. आत या म्हणाले नाहीत. उभ्या उभ्या ते पान वाचलं. दोनदा वाचलं. खोटं आहे असं म्हणाले नाहीत, हे मी लक्षात ठेवलंय. म्हणाले, "सही मिळणार नाही." दार लावून घेतलं.

सहीशिवाय कचेरीनं प्रबंध घेतला नाही. मी अर्ज केले. गाइड हेच रेफरी, त्यांचाच जमिनीत हितसंबंध, तेव्हा दुसरा रेफरी नेमा. उत्तर आलं नाही. परत अर्ज केला. उत्तर आलं, की आपला अर्ज पोचला. मुदत संपली. मग एक कागद आला. नोंदणी रद्द. कारण नाही. तो सज्जन कारकून मला जिन्यात भेटला, मान हलवून पुढे गेला. कॉलेजातली जागा भरली गेली. हेडमास्तरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "काय डॉक्टर, झालं का तुमचं?" सगळे हसले. मी तास घ्यायला गेलो.

गावात मला अजून डॉक्टर म्हणतात. मी प्रत्येकाला सांगतो, नाही झालो. का नाही झालो तेही सांगतो. पूर्ण सांगतो.

गावाच्या अर्जाच्या तारखा चालू आहेत. एका तारखेला मामलेदारानं आईची जबानी घेतली. बांध कोणी बांधला, विचारलं. आमी, ती म्हणाली. मालक कुठं होते? बांधाव, सत्री घेऊन. कारकुनानं ते जसंच्या तसं लिहून घेतलं, अंगठा घेतला, वाचून दाखवलं. सरांचे धाकटे भाऊ समोरच बसले होते. त्यांचा वकील उठला, बसला. निकाल लागलेला नाही. लागेल तो आमच्या बाजूनं लागेलच, असं मी मानत नाही. पण मामलेदाराच्या कचेरीत आई पुराव्यात बसली. विद्यापीठात बसत नाही. हे मी विसरायला तयार नाही.

लोक म्हणतात, सोड आता. एक प्रकरण काढलं असतं तर काय बिघडलं असतं? बिघडलं असतं. वरून चिखल टाकलेली खांड पुढच्या उधाणात परत फुटते. ते आमच्या गावात कोणीही सांगेल.

मी पुन्हा नोंदणी करणार आहे. दुसरा गाइड शोधतोय. मुंबईत नाही मिळाला तर पुण्यात, तिथं नाही तर नागपुरात. प्रबंध हाच. चौथं प्रकरण हेच. तळटीपही तीच. त्यातला एक शब्द हलणार नाही. नापास करायचं तर करा. तो तुमचा अधिकार आहे. पण या वेळी मी कागदावर कारण मागणार. अर्जावर अर्ज करीन, कचेरीच्या पायरीवर बसेन, पण घेईन. लिहून द्यायचं. या माणसाची आई पुरावा नाही. आणि खाली रेफरीनं स्वतःच्या नावानं सही करायची.